फुली मारलेली घंटा

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली. तुम्ही झोपेत गेलात, म्हणजे मोठे पुण्यवान होतात. मी मान डोलावत होते आणि पायसम वाढत होते. झोपेत गेलात हे खरं. पुण्याचा मात्र त्यात काडीचा संबंध नव्हता. तुम्ही गेलात ते तुमच्या शहाणपणाच्या तोऱ्यात, भर दुपारी, उशाशी एक यंत्र तुमच्यासाठी जागं असताना. त्या यंत्राचं तोंड तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि पायसम घेणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

लोक अशा वेळी फोटोला हार घालतात आणि गोड गोड लिहितात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. अडतीस वर्षांत मी कधी तुमच्याशी गोड बोलले नाही, आता तुम्ही ऐकायला नाही म्हणून सुरुवात करणार नाही. पण गेल्या गुरुवारी काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. ते तुमच्याबद्दल होतं, आणि इथल्या कुणाला ते मऊ न करता सांगता येणार नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी तुमची धाकटी बहीण पद्मा आणि आपला मुलगा मुरली यांनी मिळून हॉस्पिटलकडे तक्रार केली. मुरलीने पेरुंगुडीच्या ऑफिसात बसून ती लिहिली, इंग्रजीत, मुद्दे पाडून. पद्माने नुंगंबाक्कमहून फोनवर एकेक वाक्य तासून घेतलं. तक्रार अशी: ड्युटीवरच्या नर्सने मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा अलार्म बंद केला, त्यामुळे आमचा माणूस गेला. नर्स म्हणजे सेल्वी. तीच ती, जिला तुम्ही पहिल्या दिवशी 'ही पोरगी हुशार आहे गो' म्हणालात. तिला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. चौकशीत हा ठपका कायम झाला असता तर तिला या शहरात कुठल्याच आयसीयूने उभं केलं नसतं. तीस वर्षं मी त्या जगात काढली आहेत, तिथे एकमेकांत बातमी किती लवकर पोचते ते मला माहीत आहे.

आणि मी तीन आठवडे गप्प होते.

हॉस्पिटलमधल्या तुमच्या त्या चार दिवसांची आठवण काढली की मला पहिल्यांदा राग येतो तो तुम्हाला भेटायला येणाऱ्यांचा. खोलीत पाऊल टाकलं की एकाचीही नजर तुमच्या चेहऱ्यावर जात नव्हती. सगळे थेट स्क्रीनकडे बघायचे, मॅचचा स्कोअर बघावा तसे. 'ऑक्सिजन चौऱ्याण्णव! काल किती होता?' मैलापूरहून आलेले तुमचे ते गाण्याच्या सभेचे मित्र तर तुमच्या पायाशी उभे राहून नाडीचे आकडे मोठ्याने वाचत होते. तुम्हाला घाम आला होता, ओठ कोरडे पडले होते, पण ते कुणाला दिसलं नाही. घामाचा आकडा स्क्रीनवर येत नाही ना.

आणि तुम्ही! तुम्हाला ते सगळं आवडत होतं. उशीला टेकून तुम्ही त्या लोकांना रंगांची शाळा घेत होतात. हिरवी रेघ हृदयाची, निळी ऑक्सिजनची, पिवळी श्वासाची. पिवळ्या रेघेकडे बोट दाखवून 'बघा, किती अनियमित आहे, इथेच खरा बिघाड,' असं तुम्ही त्यांना गंभीरपणे सांगितलंत. ती अनियमित होती कारण तुम्ही बोलत होतात. छातीला चिकटवलेल्या चकत्यांवरून ते यंत्र श्वास मोजतं, माणूस बडबडत असला की त्याला श्वास कुठला आणि बडबड कुठली ते कळत नाही. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही पाहुण्यांकडे वळून म्हणालात, 'हिला प्रत्येक यंत्रात खोट दिसते.' सगळे हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

आपलं भांडण तसं लग्नाइतकंच जुनं. तुम्ही वीज मंडळाच्या कंट्रोल रूममधले, मी आयसीयूतली. दोघांचाही जन्म अलार्मखाली गेला, आणि अलार्म वाजला की आधी काय करायचं यावर आपलं एकदाही एकमत झालं नाही. तुमच्याकडे पॅनेलवर लाल चौकोन लुकलुकायचा आणि भोंगा वाजायचा. तुमचा नियम असा की आधी अ‍ॅक्सेप्टचं बटण दाबायचं. भोंगा थांबतो, लाल दिवा तसाच राहतो, आणि बिघाड निघेपर्यंत तो विझत नाही. आवाज बंद झाला की माणूस शांत डोक्याने विचार करतो. हे तुम्ही मला भाताच्या पहिल्या घासापासून ताकभातापर्यंत किती वेळा सांगितलं असेल! तुमच्या लेखी माझ्या नर्सेस म्हणजे घंटा वाजली की पदर खोचून पळणाऱ्या बायका. 'डिसिप्लिन नाही गो तुमच्यात,' हे तुमचं लाडकं वाक्य.

मी सांगायची, अहो, तुमचा ट्रान्सफॉर्मर कूस बदलत नाही. त्याचं बोट गार पडत नाही. त्याला उलटी होत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवायची की अलार्म वाजला तर हात बटणावर नाही, माणसावर जायला हवा. त्याची हनुवटी बघ, ओठांचा रंग बघ, मग स्क्रीन बघ. आणि आमचं ते आवाज बंद करण्याचं बटण तुमच्या अ‍ॅक्सेप्टसारखं नव्हेच. एक बटण आवाज दोन मिनिटं थांबवतं, मग यंत्र पुन्हा बोंब मारतं. दुसरं आत मेनूत असतं. ते दाबलं की त्या आकड्याशेजारी एका छोट्या घंटेवर फुली येते. मग आकडा कितीही घसरो, यंत्र ब्र काढत नाही. लाल होत नाही, लुकलुकत नाही, बाहेर नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवरही वाजत नाही. हे मी तुम्हाला वाटीत रसम ओतता ओतता शंभरदा सांगितलं असेल. तुम्ही म्हणायचात, 'असं यंत्र कुणी बनवणारच नाही. दिवा राहतोच. तुला कळ्ळं नाही गो.'

मला कळ्ळं नाही! मुंबईला आणि दिल्लीला जाऊन ती यंत्रं शिकून आलेल्या बाईला कळलं नाही, आणि हॉस्पिटलची पायरी नाइलाजाने चढणाऱ्या तुम्हाला कळलं. तुमच्या घराण्याचा हा जुना आजार. तंजावरच्या राजांच्या पदरी कुणीतरी कधीतरी कारकुनी केली, तेव्हापासून तुम्हा सगळ्यांना जन्मतःच सगळं येतं. माझी मिरजेची मराठी ऐकून तुमच्या आईने मला 'ही मराठी कुठली?' असं विचारलं होतं. नक्को आणि तमिळचं सरी एका वाक्यात कोंबणारी तुमची भाषा ती खरी, आणि माझी कुठली तरी.

आता हेही लिहिते, नाहीतर माझीच मला लाज वाटेल. मिरजेहून मी या शहरात आले तेव्हा मला तमिळचं अक्षरही येत नव्हतं. पेशंट काहीतरी सांगायचे, छातीकडे हात न्यायचे, आणि मी दगडासारखी उभी. एकदा एका म्हाताऱ्याचं दुखणं मला उशिरा समजलं आणि मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तुम्ही एक छोटी वही आणलीत आणि तीत देवनागरीत शब्द लिहून दिलेत. वलि म्हणजे दुखणं. मूच्चु म्हणजे श्वास. नेंजु म्हणजे छाती. मयक्कम म्हणजे चक्कर. पुढे पान दर पान, 'कुठे दुखतं', 'कधीपासून', 'पाणी हवं का'. प्रत्येक शब्दाखाली तो कसा उच्चारायचा त्याच्या खुणा, कंट्रोल रूमच्या नोंदवहीसारख्या सरळ अक्षरात. माझी सकाळची पाळी दोनला सुटायची. मे महिन्याच्या उन्हात तुम्ही फाटकाबाहेर स्कूटर लावून उभे असायचात आणि घरी पोचेपर्यंत मला पाच शब्द विचारायचात. चुकले की स्कूटर हळू करायचात. मी ज्या कामावर आयुष्यभर मिजास केली, ते काम मला त्या वहीशिवाय जमलं नसतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर ते ऐकवलं असतं म्हणून सांगितलं नाही.

असो. तुम्हाला न्यूमोनिया झाला, छातीत पाणी धरलं, सात नंबरच्या खोलीत टाकलं. दोन दिवस तुम्ही खरोखर आजारी होतात, आणि तेवढे दोनच दिवस सहन करण्यासारखे होतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तुमच्यातला इंजिनीयर उठून बसला. मॉनिटर भिंतीतल्या दांड्यावर होता, ओढला की पुढे येत होता. सेल्वी काही करायला आली की तुमचं सुरू. हे काय? ते कशाला? ही खालची मर्यादा नव्वदच का? ती बिचारी हातातलं काम न थांबवता उत्तर द्यायची. तिला वाटलं म्हातारा चौकस आहे, वेळ जातो त्याचा. तुम्ही एकदा स्क्रीनला बोट लावलंत तेव्हा ती चटकन म्हणाली, 'तोडादींग, सर!' हात लावू नका. तुम्ही बोट मागे घेतलंत आणि ती बाहेर गेल्यावर मला म्हणालात, 'मी चाळीस वर्षं दोन लाख व्होल्टला बोट लावलं आहे.' कशालाही बोट लावलं नव्हतंत तुम्ही. खुर्चीत बसून बटणं दाबलीत.

चौथ्या दिवशी दुपारी एसी फार गार होता. तुमची बोटं थंड पडली होती आणि बोटाला लावलेल्या चिमट्याला नीट रक्त सापडत नव्हतं. दर चार मिनिटांनी टिंग टिंग. मी चिमटा या बोटावरून त्या बोटावर केला, तुमचा हात चोळला, वर टॉवेल टाकला. पाच मिनिटं बरं चालायचं की पुन्हा टिंग टिंग. तीन रात्री तुमचा डोळा लागला नव्हता, माझाही. दहीभात खाऊन तुम्ही आडवे झालात. बाहेर पाळी बदलत होती, सकाळच्या मुली जात होत्या. मी हात धुवून आले तर तुम्ही मॉनिटर पुढे ओढला होता आणि निळ्या आकड्यावर बोट ठेवून एक मेनू उघडला होता. मी 'अहो' म्हणेपर्यंत तुम्ही दाबलंत.

'काय केलंत?'

'अ‍ॅक्सेप्ट केलं. सरी, झालं.'

मी उठून बघितलं. त्र्याण्णव. शेजारी घंटा, घंटेवर फुली. मी ती फुली ओळखत होते. ज्या फुलीसाठी मी मुलींना वर्गाबाहेर उभं केलं आहे, ती हीच होती. पुन्हा मेनू उघडून ती काढायला तीन सेकंद लागतात. माझा हात अर्ध्यावर गेला आणि मी तो खाली घेतला. का घेतला ते मी पुढे सांगते, कारण गुरुवारी मला तेच विचारलं गेलं.

मग मी खुर्चीत बसले. त्र्याण्णव, ब्याण्णव, पुन्हा त्र्याण्णव. तुम्ही घोरायला लागलात. अर्धा तास झोपू दे, मग लावते, असं मी मनाशी ठरवलं. ठरवलं आणि माझाच डोळा लागला. तीस वर्षांची ड्युटी केलेल्या बाईचा, खुर्चीत बसल्या बसल्या.

मला जाग आली ती हृदयाच्या अलार्मने. तो तुम्ही बंद केला नव्हता. लाल, मोठा, तीन तीनदा वाजणारा. ऑक्सिजन किती वेळ घसरत राहिला ते मला माहीत नाही. हृदय मंद पडलं तेव्हा कुठे ते यंत्र बोललं. मी उठेपर्यंत सेल्वी आत आली होती. तिने स्क्रीनकडे बघितलंही नाही, आवाज बंद केला नाही. तिने तुमची हनुवटी उचलली, उशी खेचून काढली, पलंग सपाट केला, आणि त्या कर्कश आवाजातच माणसं बोलावली. मी भिंतीला टेकून बघत होते. माझा सगळा वर्ग त्या पोरीच्या दोन हातांत होता, आणि मी तिला एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अलार्म चालू असता तरी तुम्ही वाचला असताच असं नाही. ते सगळ्यांना तसंच सांगतात. मीही लोकांना सांगितलं आहे.

आता मी गप्प का राहिले. हे लिहायला सोपं नाही, पण तुमची चेष्टा करून स्वतःला सोडून देण्याइतकी मी हलकी नाही. पहिल्या आठवड्यात मला बोलायचंच भान नव्हतं. मग लोक येऊ लागले आणि प्रत्येक जण म्हणू लागला, 'सेतुमाधवरावांनी सगळ्या नोकरीत एक अलार्म चुकू दिला नाही.' तुमचा जुना साहेबसुद्धा काठी टेकत येऊन तेच म्हणाला आणि मुरली रडला. त्या पोराला मी काय सांगू? की तुझा बाप साध्या बटणाला फसला? आणि तुझी आई बघत होती? म्हणून मी तोंड शिवलं. रोज सकाळी उठून ठरवायची, आज सांगते. रोज कुणीतरी यायचं. एक निरपराध पोरगी घरी बसली होती आणि मी तुमच्या अब्रूची, म्हणजे खरं तर माझ्याच अब्रूची, राखण करत होते. तुमच्याइतकाच भंपकपणा माझ्यात आहे हे कळायला मला तुमचा मृत्यू लागला.

गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्हाला बोलावलं होतं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, टाय लावलेला व्यवस्थापक. एका बाजूला मी, मुरली, पद्मा. समोर सेल्वी, साध्या सुती साडीत, युनिफॉर्मशिवाय अगदीच लहान दिसत होती. व्यवस्थापकाने मॉनिटरच्या नोंदींचा कागद पुढे सरकवला. दोन वाजून सहा मिनिटांनी ऑक्सिजनचा अलार्म बंद. कोणाच्या बोटाने, ते यंत्र लिहीत नाही. मुरली त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, 'बघा.' पद्मा माझ्या कानाशी लागली. 'वैनी, आता सोडायचं नक्को.'

व्यवस्थापकाने सेल्वीला विचारलं. ती तमिळमध्ये हळू पण स्पष्ट बोलली. 'मी बंद केला नाही, सर. पण दोनला चार्ज घेताना प्रत्येक पेशंटच्या मर्यादा बघायच्या असतात. मी तीन नंबरपासून सुरुवात केली. सात नंबरला पोचायला मला उशीर झाला. तेवढी माझी चूक आहे.'

'मग कुणी बंद केला?'

सेल्वीला पक्का संशय होता. तुमचं ते पुढे आलेलं बोट तिने आदल्या दिवशीच पाहिलं होतं. तरी गेलेल्या माणसाचं नाव तिच्या तोंडातून निघालं नाही. इतका सभ्यपणा आम्हा तिघांत मिळून नव्हता.

मी म्हणाले, 'माझ्या नवऱ्याने बंद केला. मी समोर होते.'

मुरलीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परकी बाई आहे. पद्मा खुर्चीतून उठलीच. 'अय्यो, वैनी, काय बोलतेस! अण्णा असं करेल? अण्णा?'

'केलं,' मी म्हणाले. मग व्यवस्थापकाकडे वळून सगळं सांगितलं, थंड बोटांपासून. माझी नोकरी सांगितली, मी काय शिकवायची ते सांगितलं. फुली मला दिसली होती, तिचा अर्थ मला या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होता, आणि मी ती तशीच ठेवली, हे सांगितलं. हे लिहून द्या म्हणाले तर मी तिथेच लिहून दिलं. बोलताना माझा आवाज थरथरला नाही, याचा मला उगाच अभिमान वाटला. मुरलीने तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला आणि गाडी काढायला खाली गेला.

सेल्वी सोमवारी कामावर परत आली आहे. उशिराने तपासल्याची नोंद तिच्या नावावर राहील, तसं तिनेच कबूल केलं आहे. गुरुवारी निघताना जिन्याजवळ ती मला भेटली. आभार मानले नाहीत, बरं केलं. 'अम्मा, तुम्हाला त्या दिवशी झोप लागली होती ना?' एवढंच तिने विचारलं. मी होय म्हणाले. तिने माझा दंड धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि वर गेली. मुरली अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पोराला वेळ लागेल. तो तुमच्यावर रागावलाय की माझ्यावर, हे अजून त्याचं त्यालाच ठरवता येत नाही.

राहिली पद्मा. लिफ्टसमोर तिने मला गाठलं. तिचे डोळे लाल होते आणि ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलत होती.

'वैनी, एक सांग. अण्णाने केलं ते केलं. पण तूं? तूं तर त्याचं एक अक्षर चालू देत नव्हतीस. मीठ कमी म्हणाला तरी वाद घालायचीस. मग त्या दिवशी कां नाही घातलास?'

मी तिला जे सांगितलं ते तुम्हाला सांगते, तुम्हाला आठवत असेलच. मी हात पुढे केला तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. चार दिवसांत पहिल्यांदा तुमच्या चेहऱ्यावर शिकवण्याचा भाव नव्हता. नुसते थकलेले होतात. तुम्ही म्हणालात, 'राहू दे गो. थोडं निजतों.' आणि मी म्हणाले, 'बरं.'

अण्णाने बटण दाबलं यावर पद्माने विश्वास ठेवला होता. यावर मात्र तिचा बसेना. 'तूं बरं म्हणालीस? अण्णाला?' तिने दोनदा विचारलं. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

म्हणाले होते. मला हात लावता आला असता, तुम्ही चिडला असतात, पुन्हा टिंग टिंग सुरू झालं असतं, आपण संध्याकाळपर्यंत भांडलो असतो आणि कदाचित पुढची दहा वर्षंही. पण तुम्ही दमला होतात आणि मला तुमचा कळवळा आला, आणि मी तुमचं ऐकलं. माझा तो शब्द तुमच्या कानावर पडला हे मला माहीत आहे. तो ऐकून तुम्ही जरासे हसलात आणि मग डोळे मिटलेत. जिंकल्यासारखं हसू होतं ते, मेल्या माणसा. अडतीस वर्षांत एकदाच तुमच्यासमोर मान तुकवली, आणि तेवढीच संधी साधून तुम्ही निघून गेलात.